३२ इंची टीव्ही : आवाज येतो, चित्र नाही. सर्व्हिसवाला म्हणतो पॅनल गेलं. खरंच गेलं असेल का?

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं वाचतोय पण धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आई चिपळूणला एकटी असते, मी पनवेलला. जुलै २०२१ च्या पुरात खालच्या घरात पाणी भरलं तेव्हा जुना डबा टीव्ही गेला. मग २०२२ च्या दिवाळीत ऑनलाइन सेलमधून एक ३२ इंची स्मार्ट टीव्ही मागवला, साडेनऊ हजारांना. कंपनीचं नाव फार मोठं नाही पण तेव्हा बजेट तेवढंच होतं. तीन वर्षं काहीही त्रास नव्हता. मागच्या रविवारी आईचा फोन, "अरे टीव्ही बोलतोय पण दिसत नाहीये." आधीचे दोन दिवस चालू केला की सेकंदभर चित्र यायचं आणि मग सगळं काळं, आता ते पण येत नाही. आवाज व्यवस्थित आहे, रिमोटने चॅनल बदलतात, खालचा लाल दिवा पण लागतो.

कंपनीचा माणूस चार दिवसांनी आला, व्हिजिटचे ३५० घेतले, मागचं कव्हर उघडलं पण नाही आणि पॅनल गेलं म्हणाला. ८२०० खर्च, त्यापेक्षा नवीनच घ्या. मी परवा घरी गेलो तर आई संध्याकाळी सातला तिच्या नेहमीच्या खुर्चीत बसून वालाच्या शेंगा सोलत मालिका नुसती ऐकत होती, तोंड त्या काळ्या पडद्याकडेच. ते बघून फार वाईट वाटलं. नवीन घ्यायला हरकत नाही पण खरंच पॅनल गेलंय का हे कळायला हवं. कोणाला अनुभव आहे का?

पेठकर
माझं स्पष्ट मत, साडेनऊ हजारात तीन वर्षं चालला म्हणजे पैसे वसूल. आता मोठ्या कंपनीचा घ्या. सप्टेंबर २०२५ पासून ३२ च्या वरच्या टीव्हींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय त्यामुळे ४३ इंची पण आवाक्यात आलेत. जुन्यात पैसे घालून परत बिघडला तर डबल मनस्ताप.

सोल्डरवाला
थांबा, थांबा. नवीन घ्यायच्या आधी एक काम करा, पाच मिनिटाचं आहे आणि फुकट आहे.

रात्री खोलीतले सगळे दिवे बंद करा. टीव्ही चालू करा, आवाज येऊ द्या. मग मोबाईलचा टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ नेऊन तिरका धरा, समोरून सरळ नाही, तिरका, आणि हळूहळू फिरवा. टॉर्चच्या उजेडात पुसट पुसट माणसं हलताना दिसली, मेनू दाबल्यावर मेनूची अक्षरं दिसली तर तुमचं पॅनल जिवंत आहे. गेलाय तो मागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट.

मी साताऱ्याकडे १८ वर्षं टीव्ही दुरुस्ती करतोय म्हणून थोडं सविस्तर लिहितो कारण हा प्रश्न दुकानात रोज येतो. आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो तो मुळात एलसीडीच असतो. काच स्वतः उजेड देत नाही, ती फक्त चित्र तयार करते, उजेड मागे बसवलेल्या एलईडीच्या पट्ट्यांतून येतो, आम्ही त्याला स्ट्रिप म्हणतो. ३२ इंचीला साधारण दोन किंवा तीन पट्ट्या असतात. आणि स्वस्त सेटमधे बहुतेक वेळा हे सगळे एलईडी एकाच माळेत असतात, दिवाळीच्या जुन्या माळेसारखे, एक गेला की अख्खी माळ बंद. या माळेला वीज पुरवणारं सर्किट म्हणजे ड्रायव्हर, तो चालू होताना व्होल्टेज देतो, माळेत गडबड आहे असं त्याला कळतं आणि तो लगेच बंद होतो. आई म्हणतात ना सेकंदभर चित्र यायचं, ते हेच. मला तर त्या एका वाक्यावरूनच ९० टक्के खात्री वाटतेय.

पॅनल म्हणजे ती चित्राची काच, टीव्हीच्या किमतीतला निम्म्याहून जास्त भाग. ते गेलं तर माझं पण म्हणणं नवीन घ्या. पण पट्टीसाठी टीव्ही टाकू नका हो. टॉर्च लावून बघा आणि इथे सांगा.

खान्देशी
सोल्डरवाला भाऊ, जबरदस्त माहिती. वाचनखूण साठवली.

वाशिष्ठीकाठ
दिसलं!! शेजारच्या बारावीतल्या मुलाला व्हिडिओ कॉलवर घेऊन करायला लावलं. खूप पुसट पण बातम्या देणारी बाई दिसत होती, खालची पट्टी सरकताना पण दिसली. आई मागून म्हणत होती अरे आत आहे ना सगळं मग बाहेर का येत नाही.

सोल्डरवाला, आता पुढे काय करू? चिपळुणात एक दुरुस्तीवाले आहेत असं कळलंय. त्यांना नक्की काय सांगायचं?

सोल्डरवाला
छान. आता त्यांना सांगा बॅकलाइट गेलाय, स्ट्रिप बदलायच्यात. आणि या गोष्टी विचारा, विचारायला लाजू नका.

पहिलं म्हणजे काच कशी उचलणार. पट्ट्यांपर्यंत जायला पुढची काच काढावी लागते आणि हेच सगळ्यात धोक्याचं काम. ती काच वहीच्या पुठ्ठ्याएवढी पण जाड नसते आणि तिच्या कडेला तपकिरी पातळ रिबिनी चिकटवलेल्या असतात, त्यातली एक ओढली गेली की पॅनल खरंच जातं. काच उचलायला रबरी व्हॅक्यूम कप आणि दोन माणसं पाहिजेत. एकटा माणूस बोटांनी उचलतो म्हणाला तर दुसरीकडे जा.

दुसरं, एकच एलईडी बदलून देतो म्हणाला तर नाही म्हणा. सगळे एकाच वयाचे आहेत, आज एक गेला, दोन महिन्यांनी शेजारचा जाणार आणि परत काच उचलायची. पूर्ण सेट बदलायचा. सेट घेताना जुन्या पट्टीवर छापलेला नंबर जुळवायचा, कारण काही पट्ट्यांत ३ व्होल्टचे एलईडी असतात काहींत ६ चे, लांबी सारखी दिसली म्हणून चालत नाही.

तिसरं आणि हे फार कमी लोक करतात. करंट थोडा कमी करून घ्या. स्वस्त टीव्हीत एलईडी पहिल्या दिवसापासून पूर्ण ताकदीने जाळलेले असतात, दुकानात शेजारच्या टीव्हीपेक्षा झगझगीत दिसावा म्हणून. चांगला कारागीर बोर्डावर छोटा बदल करून करंट उतरवून देतो, उजेडात डोळ्याला फार फरक पडत नाही पण पट्ट्यांचं आयुष्य वाढतं. एलईडीला मारते ती उष्णता.

खर्च म्हणाल तर माझ्याकडे ३२ चे सगळे मिळून १४०० ते १८०० होतात. तुमच्याकडे थोडं इकडे तिकडे.

वीकेंडमेकॅनिक
मी हे स्वतः घरी करायला गेलो होतो. मोबाईलवर व्हिडिओ बघून सोपं वाटलं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून पट्ट्यांचा सेट आणला, ४५० ला मिळाला, टीव्ही गादीवर पालथा घालून सगळे स्क्रू काढले, बोर्ड काढला, इथपर्यंत सगळं बरोबर. मग काच उचलताना एका कोपऱ्याला माझा अंगठा लागला आणि बारीकसा टक्क आवाज आला. इतका बारीक की बायकोला ऐकू पण आला नाही. पट्ट्या बसवल्या, सगळं लावलं, चालू केला तर उजेड अगदी मस्त आणि पडद्यावर कोपऱ्यापासून कोळ्याच्या जाळ्यासारखी भेग. दोन दिवस कोणाशी बोललो नाही. त्यामुळे सोल्डरवाला म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे, काच स्वतः उचलू नका. आणि आतल्या त्या पांढऱ्या शीट असतात दोन तीन, त्यांचा क्रम आणि बाजू ठरलेली असते, मी फोटो काढून ठेवला नव्हता, मला ते परत लावताना पण घाम फुटला होता.

ठाण्याची_मी
इथेच विचारते, नवीन धागा नको. आमचा टीव्ही वेगळ्याच कारणाने अडलाय. चालू केला की कंपनीचा लोगो येतो, जातो, परत येतो, असं अर्धा अर्धा तास. त्याआधी सहा महिने इतका स्लो झाला होता की रिमोटचं बटण दाबून चहा ठेवायला जावं आणि परत यावं. १ जीबी रॅम आणि ८ जीबी स्टोरेज आहे. सासरे रोज सकाळी कीर्तन लावतात त्यांना आता मोबाईलच्या छोट्या स्क्रीनवर बघावं लागतंय, त्यांच्या डोळ्यांना त्रास होतो.

सोल्डरवाला
ताई, ८ जीबीतला मोठा भाग सिस्टीमच खाते, उरलेल्यात अॅप, त्यांचे अपडेट आणि तात्पुरत्या फायली भरत राहतात. जागा संपली की स्लो होतो आणि वर्षानुवर्षं त्याच चिपवर लिहून पुसून ती मेमरी पण झिजते. आधी फॅक्टरी रीसेट करून बघा, कित्येक सेटला मागे किंवा खाली एकच पॉवरचं बटण असतं, ते दाबून धरून प्लग लावला की काहींत रिकव्हरीचा मेनू येतो. नाही आला तर पेनड्राइव्हने सॉफ्टवेअर मारावं लागेल. मात्र सॉफ्टवेअर त्याच बोर्डाचं आणि त्याच पॅनलचं पाहिजे, दुसरं मारलं तर चित्र उलटं येतं नाहीतर रंग विचित्र दिसतात आणि कधी कधी सेट उठतच नाही. नुसतं मॉडेल नंबर बघून नेटवरून कुठलंही उतरवू नका. रीसेट झाल्यावर गरजेपुरती दोन अॅप ठेवा, ऑटो अपडेट बंद.

ठाण्याची_मी
धन्यवाद दादा, उद्या करून बघते.

बिल_जपून_ठेवा
ज्यांचा टीव्ही वॉरंटीत आहे त्यांच्यासाठी लिहितोय. घरी आलेल्या माणसाकडून जॉबशीट, म्हणजे त्याच्या कामाची लेखी नोंद, घ्याच, त्यावर दोष काय आहे ते लिहून घ्या, तोंडी पॅनल गेलं हे चालवून घेऊ नका. वाशिष्ठीकाठ यांच्याकडे कव्हर न उघडता निदान केलं, असं असेल तर तेही लिहून घ्या की सेट उघडला नाही. तक्रार दाबली जातेय असं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीत बोलता येतं, माझा एक वॉशिंग मशीनचा विषय तिथूनच सुटला होता. त्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत आहे, ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी लागत नाही आणि स्वतः बाजू मांडता येते, वकील पाहिजेच असं नाही. पण बिल पाहिजे. ऑनलाइन घेतलं असेल तर आजच अकाउंटमधे जाऊन बिल उतरवून मेलवर टाकून ठेवा.

आणि वॉरंटी कार्ड नीट वाचा. एक वर्ष पूर्ण सेट आणि एक वर्ष जास्तीचं पॅनलवर असं बऱ्याच ठिकाणी असतं. त्या पॅनलमधे बॅकलाइट धरलाय की नाही हे घेतानाच विचारून ठेवा, भांडणं तिथेच होतात.

खान्देशी
आमच्याकडची गोष्ट वेगळीच झाली ती सांगतो म्हणजे कोणाला उपयोग होईल. मे महिन्यात वावटळ आली, खांबावरची न्यूट्रलची तार तुटली. गल्लीत एकदम दिवे भगभग पेटायला लागले, आईने ओरडून सांगितलं फ्रीज बंद करा, मी मेन पाडेपर्यंत टीव्हीतून फट्ट आवाज आणि जळका वास. गल्लीतले सहा टीव्ही गेले त्या दिवशी. नंतर वायरमन भाऊंनी समजावलं की न्यूट्रल तुटली की दोन फेजच्या मधे आपली घरं अडकतात आणि २३० च्या जागी ३५० ४०० पर्यंत व्होल्टेज चढू शकतं. आमचं नशीब की पॉवर सप्लायमधे फ्यूज आणि जादा व्होल्टेज स्वतःवर घेणारा तो निळा गोल एमओव्ही असतो तोच गेला, बाकी बोर्ड वाचला, मेकॅनिकने ३०० घेतले. शेजारच्या काकांचा मोठा कपॅसिटर फुगून फुटला, त्यांचा बोर्डच बदलावा लागला.

आता प्रत्येक जण म्हणतो स्टॅबिलायझर लावा. मी लावला नाही. मीटरच्या पुढे व्होल्टेज जास्त झालं की लाईनच तोडून टाकतो असा प्रोटेक्टर बसवला, पूर्ण घर सुरक्षित.

सोल्डरवाला
खान्देशी भाऊंनी योग्य केलंय. आजच्या टीव्हीचा सप्लाय कमी व्होल्टेजला घाबरत नाही, १०० ते २४० वर निवांत चालतो, त्याच्या जिवावर उठतं ते एकदम चढलेलं व्होल्टेज आणि वीज. कोकणात, घाटावर विजा चमकायला लागल्या की प्लग काढाच पण डिशची केबल पण काढा. ती लोक विसरतात. वीज डिशच्या केबलने सेटटॉपमधे येते आणि तिथून एचडीएमआयने टीव्हीत. माझ्याकडे जून महिन्यात येणाऱ्या सेटमधे एचडीएमआय मेलेला असणं नेहमीचं आहे.

मालवणी_माणूस
आमच्या हंय तर पावसात वेगळाच. खारी हवा, त्यात दमट, मागच्या भोकांतून पाल आत गेली आणि बोर्डावर चिकटून मेली, सेट बंद. मेकॅनिकने मला काढून दाखवली.

पण मला खरं सांगायचंय ते दुसरंच. माझा आधीचा टीव्ही माझ्या हातून गेला. गणपतीच्या आधी साफसफाई करताना काच पुसायचा निळा स्प्रे थेट पडद्यावर मारला, ओघळ खाली गेला, फडक्याने पुसला आणि विसरलो. संध्याकाळी चालू केला तर उजव्या बाजूला उभ्या रेघा, आधी दोन, मग दहा, दुसऱ्या दिवशी अर्धा पडदा पांढरा. पडद्याच्या खालच्या चौकटीच्या आत त्या तपकिरी रिबिनी आणि छोटा बोर्ड असतो हे मला नंतर कळलं, पाणी तिथे जाऊन बसलं. वॉरंटीत होता पण ओलावा दिसला म्हणून नाकारलं आणि ते त्यांचं बरोबर होतं. तेव्हापासून घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, पडदा पुसायचा तर सेट बंद करून, थंड झाल्यावर, कोरड्या मऊ फडक्याने. फारच डाग असेल तर फडकं अगदी किंचित ओलं करायचं, पडद्यावर थेंब पडता कामा नये.

पेठकर
मालवणी, माझ्याकडे पण एक उभी हिरवी रेघ आलीये सहा महिन्यांपासून, स्प्रे वगैरे काही मारलेला नाही. दुरुस्त होते का ही?

सोल्डरवाला
एकच बारीक रेघ असेल तर बहुतेक त्या रिबिनीचं काचेवरचं चिकटणं सुटलंय. त्याला बाँडिंग म्हणतात, मशीनवर गरम दाब देऊन परत चिकटवतात, मोठ्या शहरात होतं. पण ३२ इंचीवर तो खर्च परवडत नाही आणि टिकेलच असं कोणी छातीठोक सांगत नाही. एक रेघ असेल तर तशीच वापरा. रेघेच्या जागी पडद्याची कड दाबून बघणारे, थापटी मारणारे लोक असतात, ते करू नका, वाढते.

वाशिष्ठीकाठ
धागा वर काढतोय, अपडेट द्यायचा होता.

शनिवारी सुट्टी काढून गेलो, टीव्ही रिक्षात मांडीवर उभा धरून दुकानात नेला. कारागीर वयाने लहान पण समजूतदार निघाले, मी काही बोलायच्या आधीच दोन्ही व्हॅक्यूम कप टेबलवर काढून ठेवले आणि भावाला हाक मारली. मला समोरच बसू दिलं. काच उचलून बाजूला फोमवर ठेवली, मग एकेक पांढरी शीट, आणि खाली दोन पट्ट्या, प्रत्येकीवर सहा एलईडी, वर छोट्या काचेच्या गोट्यांसारखी भिंगं. टेस्टरची टोकं त्यांनी एकेका एलईडीला लावत नेली, टपकन पेटायचा आणि विझायचा. वरच्या पट्टीतला चौथा पेटलाच नाही. भिंगाखाली सुईच्या टोकाएवढा काळा डाग. एवढ्याशा डागासाठी आई आठ दिवस अंधाराकडे बघत होती आणि मला ८२०० सांगितले होते, हे मनात आलं आणि खरंच संताप आला.

दोन्ही पट्ट्या बदलल्या, करंट पण कमी करून दिला. १६०० घेतले आणि सहा महिन्यांची हमी लिहून दिली. जुन्या पट्ट्या मागून आणल्या. उजेड आधीपेक्षा किंचित कमी आहे, पण आई म्हणते आता डोळ्याला बरं वाटतं. सोल्डरवाला, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

ठाण्याची_मी
वाचून खूप बरं वाटलं. आमचा पण रीसेटने उठला. आता टीव्हीतली अॅप वापरतच नाही, एचडीएमआयला वेगळी स्टिक लावली, सासऱ्यांचं कीर्तन सुरू झालंय.

वीकेंडमेकॅनिक
अभिनंदन! एक शंका, नवीन पट्ट्या टिकाव्यात म्हणून ब्राइटनेस कमी ठेवायचा का? मी नवीन सेटला २० वर ठेवलाय पण चित्र एकदम मळकं दिसतं.

सोल्डरवाला
ब्राइटनेस नका कमी करू, त्याने बऱ्याच सेटमधे फक्त चित्रातला काळा भाग बदलतो, मागचे एलईडी तेवढेच जळत राहतात. पिक्चरच्या मेनूत खाली बॅकलाइट असं वेगळं असतं, ते ५० ते ६० ठेवा. मोड व्हिव्हिड किंवा डायनॅमिक असेल तर स्टँडर्ड करा, नवीन सेट बरेचदा त्यावरच येतो. काही स्वस्त सेटमधे बॅकलाइटचा पर्याय दिसत नाही, तिथे एनर्जी सेव्हिंग असतं, ते चालू करा.

वाशिष्ठीकाठ
हे आत्ताच फोनवरून आईकडून करून घेतलं. बॅकलाइट १०० वर होता, पहिल्या दिवसापासून तसाच असणार, कोणी हात लावला नव्हता. आता ५५ केलाय. ती म्हणाली, "झालं ना? ठेव मग फोन, सुरू झालीये."